पत्ता एका रकान्यात कोंबू नका



या पानावर मी एरवी बेणे, खते, हुमणी, खोडव्याचे पाचट अशा विषयांवर लिहीत असतो. या खेपेला उसाविषयी लिहीत नाही, उसाच्या पत्त्याविषयी लिहीत आहे. विषय कचेरीतला वाटेल. पण पत्ता चुकला तर लागण कितीही चांगली साधली तरी ऊस रानात उभ्या उभ्या कसा वाया जातो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

तीन हंगामांमागची गोष्ट. आपल्या कार्यक्षेत्रात एकाच नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द, एक बुद्रुक. मध्ये ओढा. दोन्ही गावांत एकाच नावाचे, वडिलांचेही नाव तेच असलेले, दोन सभासद. आपल्याकडे याचे नवल नाही. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत, आणि आडनावे मोजून चार-पाच. योगायोग असा की दोघांच्या रानाचा गट नंबरही एकच, ११२. गट नंबर प्रत्येक गावात एकपासून सुरू होतो, तेव्हा त्यातही कुणाची चूक नाही. चूक झाली ती आमच्याकडे.

आपल्या संगणकात पत्त्याला त्या वेळी एकच लांबलचक रकाना होता. कुणाचा पत्ता ‘मु. पो.’ने सुरू होई, कुणाचा ‘रा.’ने, कुणाच्या गावापुढे ‘खु॥’, कुणापुढे ‘खुर्द’, तर कुणी त्या दोन दंडांचे अकरा करून ‘खु ११’ असे टाइप केलेले. हंगामाच्या तोंडावर याद्या ‘साफ’ करायला बाहेरचा माणूस आणला. त्याने टिंबे, रेघा, आकडे आणि एक-दोन अक्षरांचे तुकडे एका फटक्यात काढून टाकले. यादी दिसायला सुरेख झाली. पण ‘खु’ आणि ‘बु’ त्या तुकड्यांबरोबरच गेले. मग दोन ओळी अगदी सारख्या दिसू लागल्या, तेव्हा दुबार नोंद समजून त्यातली एक पुसली गेली. खुर्दच्या सभासदाची जुलैतली आडसाली होती, बुद्रुकच्या सभासदाची ऑक्टोबरातली पूर्वहंगामी. पुसली गेली ती खुर्दची.

नोव्हेंबर उजाडला तरी तोड येईना. चिटबॉय म्हणे, क्रमवारीत नाव नाही. गट कार्यालय म्हणे, नाव आहे, गट ११२ आहे, पण लागण ऑक्टोबरची दिसते, थांबा जरा. माणूस थांबला. फेब्रुवारीअखेर तो माझ्यापुढे येऊन बसला. भांडला नाही. पिशवीतून उसाचे एक कांडे काढून टेबलावर ठेवले, उभे चिरलेले, आतून दशी पडलेले, आणि म्हणाला, “साहेब, माझं गाव कुठं गेलं, तेवढं बघा.”

त्या याद्यांखाली ‘तपासले’ म्हणून जी सही होती, ती माझीच होती.

यंदा पुन्हा सर्व पत्ते एकसारखे करून घ्यावेत, असा विचार चालू आहे. तो झालाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. एका ओळीत कोंबलेल्या पत्त्यातून ‘अमुक गावात आडसालीच्या किती नोंदी’ एवढे साधे उत्तरसुद्धा नीट मिळत नाही. माझे म्हणणे ते करायचे कसे, याबद्दल आहे.

संगणकात माहिती ठेवण्याची आज जी पद्धत सर्वत्र चालते, तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. एकमेकांशी नाते जोडलेले तक्ते, एवढाच त्याचा अर्थ. आयबीएम कंपनीतील गणिती एडगर कॉड यांनी १९७० साली ती मांडली. तिचे पहिले पथ्य असे की एका रकान्यात एकच गोष्ट ठेवावी. दुसरे असे की एक गोष्ट एकाच जागी लिहावी आणि बाकी ठिकाणी तिचा फक्त क्रमांक वापरावा. ऐकायला मोठे शास्त्र वाटते. पण मला विचाराल तर हे आपल्या तलाठी कार्यालयात फार आधीपासून नांदते आहे. सातबारा उघडला की एका गटाचे सगळे खातेदार दिसतात. आठ-अ उघडला की एका खातेदाराचे सगळे गट दिसतात. दोहोंना जोडणारा दुवा कोणता? गट नंबर आणि खाते क्रमांक. आणि नाव बदलले तर तलाठी जुने नाव खरवडून टाकत नाही. त्याला पूर्वी कंस करीत असे; शेजारी फेरफार क्रमांक घालतो आणि फेरफाराची हकिगत नमुना सहामध्ये लिहितो. पन्नास वर्षांनीसुद्धा कळते की हे रान कुणाकडून कुणाकडे आले. आपल्या पत्त्यांना हीच शिस्त लावायची आहे. बाहेरून नवीन काही आणायचे नाही.

तर पहिला तक्ता गावांचा. गावाचे नाव प्रत्येक सभासदापुढे पुन्हा पुन्हा लिहायचे नाही. गावांची एक यादी, प्रत्येक गावाला एक संकेतांक, आणि सभासदाच्या नोंदीत फक्त तो संकेतांक. हा संकेतांक आपण मनाने ठरवण्याचे कारण नाही. जनगणनेने २०११ साली प्रत्येक महसुली गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, तोच घ्यावा. खुर्दचा वेगळा, बुद्रुकचा वेगळा. मग नावातले ‘खु’ कुणी पुसले तरी गाव पुसले जात नाही. आणि रानाची ओळख म्हणजे गावाचा संकेतांक, गट नंबर आणि हिस्सा, ही तिन्ही मिळून. नुसता ११२ म्हणजे काहीच नव्हे.

गावांच्या यादीशेजारी आणखी एक छोटा तक्ता लागेल, पर्यायी नावांचा. माझ्या मते सगळ्यात मोलाचा तोच. एकाच गावाचे नाव आपल्या दप्तरात किती तऱ्हांनी लिहिलेले आहे, पाहा. जुन्या शेअर अर्जांवर ‘गांव’ आहे, नव्यावर ‘गाव’. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि हा अनुस्वार गेला, पण आपल्या जुन्या सभासदांच्या हातून तो काही गेला नाही. इंग्रजीत लिहिताना कुणी ‘व’साठी एक अक्षर घेतो, कुणी दुसरे. ज्या याद्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाल्या, त्या पडद्यावर मराठी दिसतात पण पोटात अक्षरे भलतीच. युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरांचा पार भुगा होतो. ही सगळी रूपे त्या पर्यायी तक्त्यात लिहून ठेवावीत आणि प्रत्येकापुढे खऱ्या गावाचा संकेतांक घालावा. जिल्ह्यांचेही तसेच. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले. आपल्या मुकादमांचे जुने करारनामे जुन्या नावांनी आहेत. ती काही निराळी ठिकाणे नव्हेत.

आता जुन्या लांब ओळीतून हे तुकडे काढायचे कसे? आपला पत्ता पुढून वाचू नये, मागून वाचावा. शेवटी पिनकोड, त्याआधी जिल्हा, त्याआधी तालुका, मग पोस्ट, मग गाव, आणि जे उरते ती वस्ती. प्रत्येक पायरीवर तक्त्याला विचारायचे, की बाबा, या तालुक्यात या नावाचे गाव आहे का? एकच सापडले तर पुढे जावे. दोन सापडली किंवा एकही सापडले नाही, तर यंत्राने तिथे थांबावे आणि ती नोंद माणसापुढे ठेवावी. अंदाजाने पुढे जाऊ नये. माझा सगळा आग्रह या एका थांबण्यासाठी आहे.

कारण खाचखळगे असे आहेत की ते परगावच्या माणसाला दिसणारच नाहीत. कोल्हापूरजवळ करवीर तालुक्यात कळंबे तर्फ ठाणे नावाचे गाव आहे आणि त्याच तालुक्यात कळंबे तर्फ कळे हेही आहे. ‘तर्फ’ हा जुना महसुली विभाग. कागदावर त्याचे ‘त. ठाणे’ होते. टाइप करणाराने सवयीने एक काना जास्त दिला की झाले ‘ता. ठाणे’, आणि कोल्हापूरचे पत्र मुंबईच्या दिशेने निघाले! सांगलीकडे मिरज तालुक्यात कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन स्वतंत्र गावे आहेत. आता महसुली कागदावर ‘मौजे’ हा शब्द कुठल्याही गावाच्या नावाआधी लागतो, तेव्हा यंत्राला कुणी सांगितले की मौजे हा फालतू शब्द आहे, काढून टाक, तर मौजे डिग्रजचे काय होईल? कुठला शब्द फालतू हे गावागणिक ठरते.

तीच गोष्ट ‘मु.’ आणि ‘पो.’ यांची. ‘मु. पो.’ एकत्र लिहिले म्हणजे मुक्काम आणि पोस्ट एकाच गावी. ‘मु. अमुक, पो. तमुक’ म्हणजे राहणे एका गावात आणि डाक दुसऱ्या गावाहून. पुष्कळदा आमचे लोक पोस्टाचे गाव हेच राहण्याचे गाव म्हणून नोंदवतात आणि ऊस भलत्या गटात जाऊन पडतो. पिनकोडवर भिस्त ठेवावी तर तोही पुरत नाही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्याच मराठी माणसाने केली आणि ती उत्तम आहे. पण ती डाकेच्या सोयीची आहे, महसुलाच्या नव्हे. एका पिनकोडात अनेक गावे येतात आणि पोस्टाच्या हद्दी तालुक्याची शीव पाळतातच असे नाही.

गट नंबरची फजिती तर विचारू नका. गट १२/३ असा टाइप केला की हिशेबाच्या तक्त्यात संगणक त्याची १२ मार्च तारीख करून टाकतो, आणि ५/२ चा ५ फेब्रुवारी. मी स्वतः एका यादीत गट नंबरच्या रकान्यात तारखांची रांग पाहिली आहे. म्हणून गट नंबरचा रकाना अक्षरांचा ठेवावा, आणि गट एका रकान्यात, हिस्सा दुसऱ्यात. शिवाय १९४७ च्या कायद्याखाली जिथे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. वडिलांच्या शेअर अर्जावर सर्व्हे नंबर आणि मुलाच्या सातबाऱ्यावर गट नंबर, आणि रान तेच. हे जुळवायला एकत्रीकरणाचा उताराच काढावा लागतो. तिथे हुशारीचे काम नाही.

काही जण म्हणतात, पत्ते फोडून देणाऱ्या तयार आज्ञावल्या मिळतात, त्या आणा. मिळतात खऱ्या. पण त्यांपैकी बऱ्याच परदेशात, घर क्रमांक, रस्त्याचे नाव, शहर आणि तिथला पिनकोड या क्रमाने पत्ता लिहिणाऱ्यांसाठी झालेल्या आहेत. आपल्या मळ्याला रस्त्याचे नाव कुठले? उच्चारावरून सारखी नावे शोधण्याची एक जुनी युक्ती अमेरिकेत १९१८ पासून आहे, तीही इंग्रजी आडनावांसाठी. आपल्या ‘ळ’ आणि ‘ण’ला तिच्यात जागा नाही.

आता वस्तीकडे येतो, कारण तोडणीच्या दृष्टीने खरा पत्ता तोच. थोरला मळा, चिंचेचा मळा, कॅनॉलपट्टी, डीपीजवळचे रान. चिंच तोडून वीस वर्षे झाली तरी मळा चिंचेचाच राहतो. रात्री दोन वाजता ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या परजिल्ह्यातील ड्रायव्हरला गट नंबर सांगून उपयोग नाही. त्याला ‘कॅनॉलपट्टी, दुसऱ्या पुलावरून डावीकडे’ असेच सांगावे लागते. पण बँकेत, सोसायटीत आणि तहसील कचेरीत कॅनॉलपट्टी चालत नाही, तिथे गट नंबरच लागतो. दोन्ही पत्ते खरेच आहेत, एक कायद्याचा आणि एक वाटेचा. यांचे एकीकरण करायला जाऊ नये. दोन्ही रकाने ठेवावेत, आणि वाटेच्या रकान्यात सभासदाने सांगितले तसेच, त्याच्या शब्दांत लिहावे.

घरचा पत्ता आणि रानाचा पत्ताही वेगळे ठेवले पाहिजेत. एका सभासदाची दोन गावांत तीन राने असतात, राहतो तो तिसऱ्याच ठिकाणी. कुणाचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्याने आपला पत्ता दिला, आणि आमच्या तक्त्यात ऊसही पुण्यात!

एका बाबतीत मात्र जुने नाव जपण्याचा आग्रह मी धरणार नाही. जातीची ओळख सांगणारी वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपल्या तोडचिठ्ठ्यांवर तशी नावे अजूनही कुठे कुठे छापून येतात. ती शरमेची गोष्ट आहे. जुना कागद शोधण्यापुरते ते नाव पर्यायी तक्त्यात राहो, पण छापील चिठ्ठीवर ते पुन्हा येता कामा नये. कागदावरचे नाव संगणकात बदलायला एक मिनिट लागते, तेवढे तरी आपण करावे.

“आता नोंद घेताना मोबाईलवर जागा टिपतो, मग पत्त्याची भानगड हवी कशाला?” असा प्रश्न आमच्याच एका तरुण सहकाऱ्याने केला. मोबाईल टिपतो ती जागा माणूस उभा होता तिथली. चिखल असला की माणूस बांधावर उभा राहतो, आणि बांध दोघांचा असतो. शिवाय जागा कळली म्हणून मालक कळत नाही. दुसऱ्या टोकाला आमचे जुने चिटबॉय. ते म्हणतात, “आम्हाला सगळी रानं पाठ आहेत, तक्ते कशाला?” खरे आहे, पाठ आहेत. पण हा तक्ता त्यांच्याबरोबर निवृत्त होतो. ते असेपर्यंत त्यांना शेजारी बसवून तो उतरवून घेतला पाहिजे, आणि हे काम नव्या यंत्राच्या खर्चात धरले पाहिजे.

बिल थेट बँकेत जमा होते, मग पत्त्याने काय अडते, असेही कुणी म्हणेल. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. पण ते चौदा दिवस सुरू होतात ऊस काट्यावर आल्यावर. जो ऊस क्रमवारीतच नाही त्याचे चौदा दिवस कधी सुरू होणार? शिवाय वार्षिक सभेची नोटीस नोंदवहीतल्या पत्त्यावर जाते. ‘आय’ नमुन्यात आपले नाव आणि पत्ता असतो तो उगीच नव्हे. सभासदत्व तिथे उभे असते.

म्हणून मी संचालक मंडळाला लेखी सुचवले आहे, आणि इथेही सांगतो. सभासदाने दिलेला मूळ पत्ता जसाच्या तसा एका रकान्यात कायम ठेवावा, त्याला कुणी हात लावू नये. फोडलेले तुकडे शेजारच्या रकान्यांत जावेत. प्रत्येक बदलाला तारीख आणि करणाऱ्याचे नाव असावे, फेरफारासारखे. दुबार वाटणारी नोंद यंत्राने दाखवावी पण पुसू नये. ती पुसण्याचा हुकूम गटातल्या माणसाने आणि सभासदाने मिळून द्यावा. आणि सगळे झाल्यावर प्रत्येक गावात यादीचे चावडीवाचन करावे. संगणकीकृत सातबाऱ्याचे २०१७ साली झाले तसे, मोठ्याने, सर्वांसमक्ष. याला दोन दिवस पुरणार नाहीत, निदान एक पावसाळा लागेल. खर्चही येईल. बाहेरचा माणूस स्वस्तात आणि लवकर करून देतो हे मला ठाऊक आहे, मागच्या वेळी ते स्वस्त मी पाहिले आहे.

आपल्याकडून एवढेच हवे, की नोंदीला येताना ताजा सातबारा आणि आठ-अ बरोबर आणावा. गावाचे नाव खुर्द-बुद्रुकासह पूर्ण सांगावे. ज्यांचे शेअर अजून मयत वडिलांच्या किंवा पतीच्या नावावर आहेत, त्यांनी, विशेषतः भगिनींनी, वारसनोंदीचे कागद याच वेळी द्यावेत. आणि आमच्या माणसाने घाईने ‘खु.’ लिहिले तर त्याला थांबवून पूर्ण शब्द लिहायला लावावा, तो रागावला तर माझे नाव सांगावे.

खुर्दच्या त्या सभासदाची यंदा पुन्हा आडसाली आहे. नोंदीच्या दिवशी त्याने पावती उजेडात धरली, गावाच्या नावावर बोट ठेवून ‘खुर्द’ शब्द पुरा असल्याचे पाहिले, शेजारी बसलेल्या बुद्रुकच्या आपल्या नाववाल्याचीही पावती मागून घेऊन वाचली, आणि मगच सही केली.

— ऊस विकास अधिकारी